भोंगवलीच्या खडकाखालचे पाणी कोणाचे?

भोर तालुका म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर हिरवे डोंगर व तुडुंब धरणे उभी राहतात. परंतु हे चित्र अर्धेच खरे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने ओसरतो, आणि तालुक्याच्या पूर्व अंगाला असलेल्या भोंगवली परिसराची गणना पर्जन्यछायेकडे झुकणाऱ्या पट्ट्यात करावी लागते. वेळवंडी नदीवर १९२७ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणात सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. ते प्रामुख्याने नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. कालव्याहून उंचावर असलेल्या वस्त्यांना आधार उरतो तो विहिरीचा.

विहिरीचे गणित समजण्यासाठी भूमीच्या उदरात डोकावले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा हा बेसॉल्ट खडक तयार झाला. विहीर खणणारे त्याला मुरूम, मांजऱ्या व काळा पाषाण अशी नावे देतात. मुरूम व सच्छिद्र मांजऱ्या पाणी धरतात. काळ्या पाषाणात ते केवळ भेगांतून वाहते. एका शेतात पाणी लागते व शेजारच्या शेतात धूळ उडते, याचे कारण पाणाड्याच्या हातातील नारळात नसून या भेगांत आहे.

शिवाय हा खडक कंजूष आहे. भूजलाने भरलेल्या शंभर घनमीटर खडकातून विहिरीला साधारण दोन घनमीटर पाणी मिळते. या हिशेबाने एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली, तर हाती येते दोन लाख लिटर पाणी. उलट एक हेक्टर ऊस पाटाने भिजवण्यास वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे एका हेक्टर उसासाठी शंभर हेक्टरांखालचे पाणी मीटरभर खाली जाते. ते शंभर हेक्टर एकट्या ऊसकऱ्याचे नसतात, हे सांगावयास नकोच.

येथेच प्रश्न न्यायाचा होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपली समजूत अशी, की ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. खडक मात्र सातबाऱ्याचा बांध ओळखत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आणखी खोल विंधन विहीर घेतो. शेजाऱ्याची जुनी विहीर आटते, आणि उन्हाळ्यात हंडा डोक्यावर येतो तो बहुधा भूमिहीन घरातील स्त्रीच्या. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने (अंमल २०१४ पासून) शेती व उद्योगासाठी साठ मीटर वा त्याहून खोल विहिरी खोदण्यास मनाई केली आहे. तथापि यंत्राची गाडी शिवारात शिरते तेव्हा हा नियम किती जणांना आठवतो?

कायद्याच्या पुढे गेलेली उदाहरणे आपल्याकडे आहेत. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणशी ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधन विहिरींवर बंदी घातली व पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला. येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात माथा ते पायथा पाणलोट विकासाचे काम रुजविले. त्यातूनच १९९३ साली 'वॉटर' ही संस्था उदयास आली.

या सर्वांतून एक बोध स्पष्ट होतो. बंधारे व चर पाणी मुरवतात. मुरलेल्या पाण्याची वाटणी मात्र माणसांनाच करावी लागते. वाटणीचा नियम नसेल, तर श्रमदानाने साठलेले पाणीही सर्वांत खोल विहिरीच्या मालकाकडेच जाते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, भोंगवलीसारख्या गावांनी पावसाळा सरताच ग्रामसभेत विहिरींची पातळी मोजून मांडावी, प्रथम माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचे पाणी राखून ठेवावे आणि मगच रब्बीची पिके ठरवावीत. 'सृष्टी आमच्या सर्वांचे घर आहे' असे म्हणणाऱ्या आपण श्रद्धावंतांनी या सभांत मागे बसू नये. खडकाने जे थोडे दिले, ते वाटून घेणे हाच त्याचा योग्य वापर होय.