समुपदेशन कुठे होते, हेही विचारा

अत्याचाराची घटना घडली की आपण गुन्हा नोंदवणे, कलमे लावणे, अटक आणि अर्थसाहाय्य यांसाठी धावतो. ते केलेच पाहिजे. पण पीडितांच्या मनावरच्या आघाताचा विषय निघाला की ‘समुपदेशन दिले’ एवढ्या नोंदीवर सगळ्यांचे समाधान होते. ते कोणत्या जागी दिले, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते जागा हा उपचाराचाच भाग आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. तो प्रसंग अनेक वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पाणवठा, शाळा, रस्ता, चावडी. जात माणसाला जागेजागेवर अडवते. म्हणून तिचा घावही जागेला चिकटून राहतो.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचा पहिला टप्पा म्हणून सुरक्षितता सांगितली. आता विचार करा: पोलीस ठाण्यातली खोली, उघडे दार, बाहेर खाकी वर्दी. किंवा दवाखान्यात सगळ्यांसमोर आडनावासकट पुकारा. तिथे पोहोचायला आरोपींच्या आळीतून जावे लागणार. अशा ठिकाणी बाई गप्प बसली की ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा पडतो. दोष खोलीचा, शेरा मात्र तिच्या नावावर.

मग समुपदेशन विहारात घ्यावे, असे आपले कार्यकर्ते चटकन म्हणतात. अनेकांना तिथे धीर येतो, हे खरे. पण जिला घरातच मार बसतो, जिच्यावर वस्तीतल्याच माणसाने हात टाकला, ती विहारात कशी बोलेल? तिथे तर सगळे ओळखीचे. आपली जागा प्रत्येकीसाठी सुरक्षित असतेच, असे गृहीत धरणे हाही अन्यायच आहे.

म्हणून जागा तिला विचारून ठरवा. दार लावायचे की उघडे ठेवायचे, ती कुठे बसणार, सोबत कोण असणार, हेही तिलाच ठरवू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार परवडणारी, जवळ मिळणारी आणि जातीवरून भेदभाव न करणारी सेवा हा हक्क आहे. पुढच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्याल, तेव्हा त्यात बंद दाराच्या, वर्दी नसलेल्या खोलीची आणि जाण्यायेण्याच्या खर्चाची मागणी लिहा.

जय भीम!