मत्स्यपेटीतील जिवाणी

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ हा पहिला सांगितला आहे. म्हणून श्रावकाने मासे पाळण्याच्या छंदापासून दूर राहणे हेच उत्तम. तरीही मुलांच्या हौसेने वा कोणाच्या भेटीने मत्स्यपेटी घरात आलीच, तर त्या जीवांचे दायित्व गृहस्थावर येते.

पेटीतील माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, पण दिसत नाही. काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही मासे मरतात ते यामुळेच. फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जीवाणू स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

हा स्पंज नळाखाली घासून धुतला, की क्लोरीनने तेच जीवाणू नष्ट होतात आणि मागाहून मासे दगावतात. पाणी गाळल्यावर कापडावरील जीव आपण त्याच पाण्याने धुऊन मूळ जलाशयात पोहोचवतो. ही जिवाणी घरोघरी परिचित आहे. स्पंजलाही तोच विवेक लावावा. पेटीतलेच थोडे पाणी बादलीत काढून त्यात तो हलकेच पिळावा.

गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावी नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल, तर ते उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे एकदम कधीही नव्हे. उन्हाळ्यात पाणी तापले की अमोनियाचे विष वाढते आणि प्राणवायू घटतो. वीज गेल्यास फिल्टर थांबतो. त्यासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा.

दुकानाचा रोजमेळ जसा डोळ्यांच्या अंदाजाने लागत नाही, तसेच पाण्याचे आहे. थेंबांच्या चाचणीसंचाने आठवड्यातून एकदा पाणी तपासून आकडे वहीत नोंदवावेत. अमोनिया व नायट्राइट शून्य असावे, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत. अमोनिया आढळताच खाद्य कमी करून काही पाणी लगेच बदलावे.

पेटी नकोशी झाली, तर अभयदान समजून मासे विहिरीत वा नदीत सोडू नयेत. परके मासे तेथील जीवांना घातक ठरू शकतात, अथवा स्वतःच तडफडून मरतात. ते जाणत्या पालकाच्या हाती सोपवावेत आणि रिकामी पेटी पुन्हा भरू नये.