भरपाईचा हुकूम झाला, पैसे पोचवायचे कोणी?

फौजदारी निकालपत्राच्या शेवटी बरेचदा एक ओळ असते: आरोपीने दंड भरल्यास त्यातली अमुक रक्कम मृताच्या पत्नीला किंवा जखमी फिर्यादीला, अपिलाची मुदत संपल्यावर, नुकसानभरपाई म्हणून द्यावी. विदर्भातल्या न्यायालयांत मी नाझर म्हणून नोकरी केली. दंडाची रक्कम घेणे, अनामतीचा हिशेब ठेवणे आणि हुकूम झाला की पैसे परत देणे, हे आमचे काम. त्यामुळे ती ओळ माणसाच्या हातापर्यंत पोचते की नाही, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या नजरेसमोरून गेलेल्या प्रकरणांत ती फार कमी वेळा पोचली.

निकालाच्या दिवशी आरोपी हजर असतो, त्याचा वकील असतो, पैरवीचा पोलीस असतो. ज्याच्यावर गुन्हा घडला तो मात्र तिथे नसतो. त्याची साक्ष केव्हाच होऊन गेलेली असते आणि त्यानंतर त्याला कोणी बोलावलेले नसते. दंड भरला जातो, पावती फाटते, रक्कम अनामतीत जमा होते. तुझे पैसे इथे आले आहेत, हे त्याला कळवण्याची जबाबदारी ठामपणे कोणाचीच नसते.

काटोलकडची एक बाई आठवते. नवऱ्याचा खून झालेला, आरोपीला शिक्षा झालेली. गावातल्या कोणी तरी सांगितले म्हणून ती न्यायालयात आली. “माह्या नवऱ्याचे पैसे हायेत म्हणते इथं. भेटन का जी?” पैसे होते. पण आरोपीने उच्च न्यायालयात अपील केलेले होते आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तिला एक रुपया देता येत नव्हता. “मंग थे अपील कई संपते?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, माझ्या वरिष्ठांकडेही नव्हते.

ही आडकाठी कायद्यातलीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्येही ती तशीच उतरली आहे: दंडातून द्यायची भरपाई अपिलाच्या निर्णयाआधी देऊ नये. आरोपी निर्दोष सुटला तर पैसे परत कसे मिळवायचे, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण याच देशात धनादेश न वटल्याच्या खटल्यांत कायद्याने वेगळी वाट काढली आहे. २०१८ च्या दुरुस्तीनुसार अपील करणाऱ्याला भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम जमा करायला सांगता येते आणि ती अपील चालू असतानाच तक्रारदाराला देता येते. अपील जिंकले तर ती व्याजासह परत करण्याची तरतूदही तिथे आहे. उधारी बुडालेल्या व्यापाऱ्यासाठी जी सोय होऊ शकते, ती नवरा गमावलेल्या बाईसाठी का होऊ नये? याचे पटणारे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आणि हे सगळे दंड भरला तरच. अनेक आरोपी दंड भरतच नाहीत, त्याऐवजी जास्तीचे काही महिने तुरुंगात काढतात. तेवढ्याने भरपाई माफ झाली अशी समजूत न्यायालयाच्या आवारातही पक्की आहे. ती चूक आहे. तशी कैद भोगली तरी भरपाईची वसुली करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करता येते. पण वॉरंट तहसिलीत जाते आणि ‘मालमत्ता आढळून आली नाही’ असा शेरा घेऊन परत येते. सातबारा वडिलांच्या नावावर, घर भावाच्या नावावर. तिथे फाइल थांबते.

रकमांचेही तसेच. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणात २००२ साली गुन्हा दाखल झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला. माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, दंड साडेबारा लाख. बँकेचे नुकसान दीडशे कोटींच्या वर होते. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. दोषी कोण, हे अपिलात ठरेल. पण दंडाच्या त्या आकड्यातून शेतकऱ्यांच्या बँकेची भरपाई होणार नव्हती, हे उघड आहे.

मग सरकार काय करते? २००९ च्या अखेरीपासून पीडितांसाठी सरकारी निधीची तरतूद कायद्यात आहे. न्यायालयाने शिफारस केली, किंवा आरोपी सापडलाच नाही आणि पीडिताने स्वतः अर्ज केला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, महिला आणि अल्पवयीन मुलांवरील शारीरिक इजेच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा, असे सांगावे लागले. अकरा वर्षांनी तेच सांगण्याची वेळ यावी, याचा अर्थ मधल्या काळात कर्तव्य पार पडत नव्हते.

नेदरलँड्समध्ये २०११ पासून हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांत आरोपीने आठ महिन्यांत भरपाई दिली नाही, तर सरकार ती पीडिताला देते आणि मग आरोपीकडून वसूल करते. वसुलीची यंत्रणा सरकारकडे असते, विधवेकडे नसते. म्हणून तिने आरोपीच्या मागे लागायचे नाही, सरकारने लागायचे. आपल्याकडेही निधी आहे, कायदा आहे. क्रम तेवढा उलटायचा आहे.

तोवर एक गोष्ट बिनखर्चात होऊ शकते. मोटार अपघात दाव्यांत वारसांच्या बँक खात्याचा तपशील सुरुवातीलाच घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, कारण कोट्यवधी रुपये दावेदारांची वाट पाहत पडून होते. फौजदारी खटल्यातही साक्षीच्या दिवशी पीडिताचा खाते क्रमांक आणि चालू मोबाईल नंबर नोंदवून घ्यावा, आणि निकालाच्या दिवशी त्याला कळवणे पैरवी अधिकाऱ्याच्या कामात लिहून टाकावे. उच्च न्यायालयाच्या एका परिपत्रकाने हे होईल.

तुमच्या घरात, शेजारात, गावात असा खटला झाला असेल तर निकालाचे शेवटचे पान वाचून घ्या. त्यात भरपाईची ओळ असेल तर त्याच न्यायालयात रकमेसाठी अर्ज करा. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. नागपूरकरांना ते सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात सापडेल. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो. जाणे जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा, पण निकाल लागल्यावर वाट पाहत बसू नका.