ठेका चढला, शब्द बुडाले

हिंगोली जिल्ह्यात जयंती 14 एप्रिलला संपत नाही. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या खेड्यापाड्यांत ती सोयीच्या तारखा धरून मे महिन्यापर्यंत चालते. मिरवणुकीपुढे डीजेची भिंत आणि भीमगीतांचे रिमिक्स. ही रिमिक्स आता आमचीच पोरे घरी बसून संगणकावर, मोबाईलवर तयार करतात. याचा आम्हाला अभिमान आहे. दुखणे वेगळे आहे. गाणे संपल्यावर नाचणाऱ्याला विचारा, कडव्यात काय होते? तो नुसता हसतो!

भीमराव कर्डकांचे जलसे असोत की वामनदादा कर्डकांची (1922-2004) गाणी, तेथे ढोलकी शब्दाच्या मागे चालत होती. आज शब्द ठेक्यामागे फरफटत चालला आहे.

यावर आमचे काही जाणते लोक म्हणतात, हे परके संगीत बंदच करा. आम्हाला हे मान्य नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत कृष्णवर्णीय पोरांनी हिप-हॉप जन्माला घातले. जपानच्या रोलँड कंपनीचे 808 हे तालयंत्र 1980 ला आले, 1983 ला बंद पडले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले तेव्हा याच पोरांच्या हाती लागले. हे संगीत परके कसे? अमरावतीचा विपिन तातड मराठीत रॅप करतो, तेव्हा त्याचा शब्द न शब्द कळतो.

तेव्हा दोष यंत्राचा नाही, अर्धवट शिकण्याचा आहे. अटलांटा शहरात वाढलेल्या 'ट्रॅप' प्रकाराची गती मिनिटाला साधारण 140 ठोके असते. आमची पोरे आकडा उचलतात, गोम विसरतात. ट्रॅपमध्ये चार ठोक्यांत टाळीचा आवाज एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर पडतो. त्यामुळे कानाला चाल 70 ची वाटते आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. घाई असते ती फक्त वरच्या बारीक झांजेत. हलगीवाल्याला हे सांगावे लागत नाही. त्याच्या एका हातात जाड काडी, दुसऱ्या हातात बारीक. जाड काडी थांबून बोलते, बारीक काडी मधली जागा भरते.

म्हणून आधी गाण्याची लय मोजावी. पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजून चारने गुणावे. 72 आले तर यंत्र 144 वर लावावे. 100 आले तर 100 वरच काम करावे, ट्रॅपचा हट्ट सोडावा. जुन्या ध्वनिफितीत ढोलकी हाताने वाजलेली, ती पुढेमागे होणारच. तिला कडव्याकडव्याने जुळवून घ्यावे लागते. नुसती फीत पळवली की शाहिराचा आवाज चिमणीसारखा होतो. ही विटंबनाच नाही का?

दुसरे, 808 च्या बेसला सूर असतो हे बहुतेकांना ठाऊकच नसते. गायक काळी दोनमध्ये गात असेल तर बेसही त्याच पट्टीत बसवावा, नाहीतर सगळे गाणे बेसूर वाटते. आणि तिसरे म्हणजे व्यंजने. ती ऐकू येतात 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. नेमके तिथेच टाळ्या, शिट्ट्या, भोंगे कोंबले जातात. कडवे सुरू झाले की ते खाली आणावेत. यासाठी महागडे सामान लागत नाही, एलएमएमएस आणि बँडलॅब फुकट मिळतात.

फाईलवर डीजेचे नाव तीनदा आणि कवीचे एकदाही नाही, हा प्रकारही थांबवा. नाव माहीत नसेल तर वस्तीतल्या जुन्या गायनपार्टीच्या माणसाला विचारा. तो नावासकट गाळलेले कडवेही सांगेल.

मिरवणुकीच्या आदल्या रात्री ते गाणे साध्या मोबाईलवर लावून घरातल्या आजीला ऐकवावे. तिला कडवे परत सांगता आले नाही, तर पुन्हा संगणकापुढे बसावे. रात्र अजून बाकी असते.