चरबीच्या फुग्यातले औषध

लखनौ शहरातून रायबरेली रस्त्याने बाहेर पडले की वाटेत तेलीबाग लागते. तिथली बाजारपेठ, भाड्याच्या खोल्या आणि औषधांची दुकाने यांचा बराचसा व्यवहार थोड्या पुढे असलेल्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेवर अवलंबून असतो. लोक तिला नुसते 'पीजीआय' म्हणतात. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार घेण्यासाठी पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून रुग्ण येतात. सोबत नातेवाईक असतात आणि त्यांच्या हातात औषधांच्या चिठ्ठ्या असतात.

मे २०२१ मध्ये अशा चिठ्ठ्यांवर एक नाव वारंवार दिसू लागले. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि तिच्या पाठोपाठ 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिस आली होती. नाकातून शिरून डोळ्यांपर्यंत, कधी मेंदूपर्यंत पोहोचणारा हा बुरशीचा आजार. लखनौत पीजीआय आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ येथे, आपल्याकडे नागपूर-पुण्यापासून मुंबईपर्यंत त्याचे रुग्ण दाखल होत होते. त्यावरचे मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन बी. पण दुकानात ते दोन नावांनी मिळे. एक साधे, काही शे रुपयांचे. दुसऱ्याच्या नावाआधी एकच शब्द जास्त, 'लायपोसोमल', आणि किंमत हजारांत! औषध तेच, मात्र मिलिग्रॅमने मोजावे असेच. मग या एका शब्दाचे एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न कोणाही गृहस्थाला पडावा.

पैसे आहेत वेष्टनाचे. हे वेष्टन कागदाचे किंवा काचेचे नव्हे. औषधाच्या रेणूंभोवती असलेल्या चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्याचे. 'नॅनो' म्हटले की पुष्कळांना अजून टाटांची छोटी मोटारच आठवते. प्रयोगशाळेतला नॅनो मात्र मीटरचा अब्जावा भाग आहे, आणि हा फुगा शंभर नॅनोमीटरहूनही लहान असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे आठशे ते हजार फुगे शेजारी शेजारी बसतील.

आधी औषधाची गोष्ट पाहू. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत एक जिवाणू सापडला. त्याच्यापासून १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅम्फोटेरिसिन वेगळे केले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हे औषध नेमके त्यालाच धरते, आवरण फाटल्यासारखे होते आणि बुरशी मरते. अडचण अशी की माणसाच्या पेशींच्या आवरणात त्याच कुळातला कोलेस्टेरॉल आहे. औषध त्यालाही थोडेफार धरते. याचा सर्वांत मोठा फटका बसतो मूत्रपिंडांना. सलाइनमधून औषध सुरू झाले की रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो. आणि काही दिवसांनी रक्त तपासले की क्रिएटिनिन वाढलेले, पोटॅशियम घसरलेले. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी नावाचा शेवट बदलून त्याला 'अ‍ॅम्फो-टेरिबल' असे टोपणनावच देऊन टाकले. बुरशी मारायची तर मूत्रपिंडे पणाला लावायची, असा हा सौदा कित्येक वर्षे चालू होता.

मार्ग सापडला तो औषधाच्या शोधातून नव्हे, चरबीच्या अभ्यासातून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. लेसिथिन आपल्या ओळखीचे आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असते. त्याच्या रेणूचे डोके पाण्याला चिकटणारे आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. असे असंख्य रेणू पाण्यात पडले की ते आपण होऊन दुहेरी रांगा धरतात. डोकी बाहेर, शेपट्या आत. मग ही दुपदरी चादर स्वतःच वळून बंद होते आणि पोकळ गोल तयार होतो. हाच लायपोसोम. गंमत अशी, की आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरणही मुळात अशाच दुपदरी चादरीचे बनलेले आहे. त्यामुळे शरीराला हा पाहुणा फारसा परका वाटत नाही.

अ‍ॅम्फोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही, पण या चादरीत तो आरामात रुतून बसतो. फुग्यात कोलेस्टेरॉलही मिसळलेले असते, त्यामुळे औषध तिथे घट्ट धरले जाते आणि रक्तातून जाताना वाटेतल्या पेशींना फारसे डसत नाही. फुगा मोठा असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होत नाही. बुरशीजवळ पोहोचला की मात्र औषध फुगा सोडून अर्गोस्टेरॉलकडे धाव घेते. म्हणून साधे औषध दिवसाला किलोमागे एक ते दीड मिलिग्रॅमच्या वर देता येत नाही, तर फुग्यातले किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत देता येते, आणि मूत्रपिंडांना होणारी इजा तरीही कमी राहते. पूर्णपणे टळते असे मात्र नाही.

आकाराला एवढे महत्त्व का? शिरेतून गेलेला मोठा फुगा यकृत आणि प्लीहा यांच्यातील भक्षक पेशी लगेच उचलतात. लहान फुगा अधिक काळ रक्तात फिरत राहतो. तेव्हा कारखान्यात प्रत्येक खेपेचे फुगे ठरलेल्या मापाचेच निघायला हवेत. पण जे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही ते मोजायचे कसे? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. फुगे तरंगत असलेल्या पाण्यातून लेसरचा किरण सोडतात. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी फुगे सारखे थरथरत असतात. लहान फुगे चपळ, मोठे संथ. त्यामुळे विखुरलेला प्रकाशही त्याच तालावर लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्यावरून आकार काढता येतो. या थरथरीचे गणित आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडले होते. ते पुढे इंजेक्शनच्या बाटल्या तपासायला उपयोगी पडेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

कण लहान झाला की प्रकाशाशी त्याचे वागणे बदलते, याचा अनुभव घरातही घेता येतो. दुधातील केसीन या प्रथिनाचे कण साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतात. साय काढलेल्या दुधात भरपूर पाणी घातले तर त्याला निळसर झाक येते ती या कणांमुळे. सोन्याचे तर विचारूच नका. वीस-तीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगताना पिवळे नव्हे, लाल दिसतात. १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी यावर निबंध वाचला होता. घरी गर्भचाचणी करताना पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ बहुधा याच सोन्याच्या कणांची असते. करोनाच्या झटपट चाचणीच्या पट्ट्यांमध्येही ते वापरले गेले. आनंदाची बातमी आणि विलगीकरणाची बातमी, दोन्ही एकाच सोन्याने सांगितल्या!

आता परळला येऊ. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात बुरशीच्या आजाराचे गंभीर रुग्ण येत. परदेशात तयार लायपोसोमल औषध १९९० पासून मिळू लागले होते, पण त्याची किंमत महापालिकेच्या रुग्णालयातील रुग्णाच्या आवाक्यातली मुळीच नव्हती. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. बिमल कुमार बच्छावत यांच्या गटांनी मिळून हे औषध देशातच बनवायचे ठरवले. लेसिथिनच्या कुळातील चरबी आणि कोलेस्टेरॉल यांचे फुगे तयार झाले, प्राण्यांवर चाचण्या झाल्या आणि १९९० च्या दशकात के. ई. एम. मध्ये रुग्णांना ते दिले गेले. पुढे 'फंगीसोम' या नावाने ते बाजारात आले. रुग्णाला देण्यापूर्वी ही बाटली ध्वनिलहरींच्या यंत्रात काही वेळ ठेवावी लागते. लहरींच्या धक्क्यांनी मोठे फुगे फुटून लहान होतात. म्हणजे औषधाचे शेवटचे काम वॉर्डाच्या शेजारीच! परदेशी मालाइतके सुबक नसेल, पण त्याहून स्वस्त होते आणि आपले होते. डॉ. क्षीरसागर पुढे याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या.

याच फुग्यांनी गंगेच्या मैदानात आणखी मोठे काम केले आहे, आणि शहरी वाचकांना त्याची खबर फारशी नाही. बिहारमध्ये आणि पूर्व उत्तर प्रदेशातील कुशीनगर, देवरिया, बलिया अशा जिल्ह्यांत काळा आजार हे गरिबांचे दुखणे. वाळूमाशीच्या चाव्यातून परजीवी शिरतो, प्लीहा सुजते, महिनोन्महिने ताप येतो आणि उपचार झाला नाही तर रुग्ण दगावतो. हा परजीवी लपतो कुठे? यकृत आणि प्लीहा यांच्यातील त्या भक्षक पेशींच्या पोटात, ज्या लायपोसोम गिळतात! बुरशीसाठी जी अडचण होती तीच इथे सोय झाली. फुगा थेट शत्रूच्या घरात पोहोचतो, आणि या परजीवीच्या आवरणातही अर्गोस्टेरॉलच्या कुळातलाच पदार्थ असतो.

बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्ये मुझफ्फरपूर येथे याची परीक्षा घेतली. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनचे दिवसाआड पंधरा डोस, म्हणजे जवळजवळ महिनाभर रुग्णालयात मुक्काम. त्याच्यासमोर फुग्यातल्या औषधाचा एकच डोस, किलोमागे दहा मिलिग्रॅम. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर एका डोसाने ९५.७ टक्के आणि पंधरा डोसांनी ९६.३ टक्के रुग्ण बरे राहिले होते. हातावर पोट असलेल्या मजुराला महिनाभर खाटेवर राहणे आणि एक डोस घेऊन घरी जाणे यांतला फरक टक्केवारीत सांगता येत नाही. २०१४ पासून सरकारी कार्यक्रमात हा एक डोस आला. औषधाच्या बाटल्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगी म्हणून मिळत गेल्या. रोगाचे प्रमाण खाली आणण्याचे उद्दिष्ट २०२३ अखेर देशातील सर्व बाधित विकासखंडांनी गाठले.

मग प्रश्न येतो, की ज्या देशात हे फुगे तीस वर्षांपूर्वी बनवले गेले, त्याच देशात २०२१ मध्ये लोकांना दुकानोदुकानी का हिंडावे लागले? हिशेब करून पाहा. साठ किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला तीनशे मिलिग्रॅम औषध हवे. एका बाटलीत पन्नास मिलिग्रॅम. म्हणजे रोज सहा बाटल्या, आणि उपचार काही आठवडे चालणार. त्या दिवसांत बाटलीचा भाव सात हजारांच्या आसपास सांगितला जाई. म्हणजे रोजचे बेचाळीस हजार! २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ३,१२९ दगावले. रुग्णांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना मधुमेह किंवा तत्सम दुसरा आजार होता आणि निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉइड दिले गेले होते. एरवी वर्षभरात थोडकेच विकले जाणारे औषध एकदम सर्वांना हवे झाले. कारखानदार मोजके. फुग्यासाठी लागणारी शुद्ध चरबीही जगात मोजक्याच ठिकाणी बनते, आणि फुग्याचे माप चुकले तर सारी खेप वाया. रात्रीत उत्पादन दुप्पट करता येईल अशी ही गोळी नव्हे.

सरकारने घाईघाईने पुण्याच्या एम्क्युअरसह पाच नव्या कंपन्यांना परवाने दिले, बाटल्यांचे राज्यवार वाटप केले, १२ जूनला जीएसटी माफ झाला. वर्ध्यात जेनेटिक लाईफ सायन्सेस या कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनचे स्निग्ध मिश्रणातले इंजेक्शन बनवायला घेतले; त्याची किंमत बाराशे रुपये जाहीर झाली. तोवर अनेक ठिकाणी डॉक्टरांना साध्या औषधावर भागवावे लागले. आधी आणि नंतर भरपूर सलाइन द्यायचे, रोज रक्त तपासायचे आणि मूत्रपिंडे टिकतील अशी आशा धरायची. बुरशीच्या आजारांकडे दुर्मीळ म्हणून दुर्लक्ष करण्याची ही किंमत होती असे म्हटले तर चूक ठरू नये. साठा करायला हवा होता, आणि ते डॉक्टरांचे काम नव्हते.

नॅनो म्हणजे चांगलेच, असाही समज करून घेऊ नये. साबणापासून मोज्यांपर्यंत आता सर्वांवर हा शब्द छापलेला असतो. लखनौतच भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आहे. चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात त्या झिंक ऑक्साइडचे नॅनोकण पेशींवर काय परिणाम करतात, याचा तिथे अभ्यास झाला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींमध्ये त्यांनी जनुकद्रव्याला इजा केल्याचे दिसले. क्रीम लावणाऱ्याला लगेच अपाय होतो असा याचा अर्थ नव्हे. पण जो लहानपणा औषधाला पेशीच्या दारात नेतो, तो इतर पदार्थांनाही तिथे नेऊ शकतो.

आणि ज्यांच्या घरी कोणावर हे उपचार चालू असतील त्यांनी तो एक शब्द नीट वाचावा. साधे आणि लायपोसोमल ही दोन औषधे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लायपोसोमलसाठी लिहिलेला पाच मिलिग्रॅमचा डोस चुकून साध्या औषधाचा गेला तर हृदय बंद पडून रुग्ण दगावू शकतो. परदेशात अशा चुका झाल्याही आहेत. म्हणून दुकानातून बाटली घेताना चिठ्ठीवरचे नाव आणि बाटलीवरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावे, बाटली दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे थंड ठेवून न्यावी, आणि औषध चढवण्यापूर्वी परिचारिकेला नाव मोठ्याने वाचायला सांगायला संकोच करू नये.