किनवटवरून गेलेली रेघ

बेळगावचे नाव निघाले की आम्हां मराठी माणसांचा गळा दाटून येतो. दाटावाच. मीही नांदेडचाच, पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्याच कात्रीने किनवट आदिलाबादेतून तोडून नांदेडला जोडले, तेव्हा तिथल्या गोंडाला कोणी विचारले? मराठी आणि तेलुगू यांची वाटणी झाली. गोंडी हिशेबातच नव्हती! आज सोयऱ्यांपैकी अलीकडचे पोर मराठीत शिकते, पलीकडचे तेलुगूत. मेस्रामांचा नागोबा केस्लापूरला, म्हणजे आता तेलंगणात.

अमेरिकेच्या अध्यक्षाने १८८२ साली होपींच्या मुलखाभोवती चौकोन आखला, त्याला आम्ही जुलूम म्हणतो. आमच्या रेघेला मात्र न्याय! १९८५च्या आदेशाने किनवटची कित्येक गावे अनुसूचित क्षेत्र ठरली, हे मान्य. पण तो आदेश जमिनीचा. भाषेचे काय? गोंडी आठव्या परिशिष्टातही नाही.

याच दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडार निघते. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी सोयऱ्यांच्या गावी नाचायला जातात. सीमाप्रश्नावर पुढचा ठराव लिहिणाऱ्या विद्वानांनी एकदा त्यांच्यामागून चालावे, आणि महाराष्ट्र नेमका कोठे संपला ते त्यांनाच विचारावे. गोंडीत.