चित्राशेजारचे नाव

चित्र वहीत असते तोवर ते काढणाऱ्यापुरतेच असते. ते भिंतीवर लागले की समाजासमोर येते, आणि ते काढणाराही समाजासमोर येतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवस भरले. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कौतुकापेक्षा त्यातून मिळालेल्या बोधाचा विचार करणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या समाजाने मोठी किंमत मोजून मिळवला आहे. मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव संमत झाला तो १९२३ साली. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले ते १९२४ साली. परंतु ते खुलेपण कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कलादालनाचेही तसेच आहे. त्याच्या दारावर कोणालाही मज्जाव लिहिलेला नसतो. तरीही प्रदर्शनाला आलेले आमचे काही पालक उंबऱ्याशी थबकले आणि चपला बाहेर काढायच्या का, असे विचारू लागले. आत आपल्याच लेकीचे चित्र लागले आहे हे कळल्यावर ते आत आले. हक्क असणे आणि तो वापरण्याची सवय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही सवय शाळेनेच लावावी लागते, हा आमचा पहिला बोध.

दुसरा बोध चित्राशेजारच्या छोट्या पट्टीचा. त्या पट्टीवर ‘वसतिगृहातील गरजू विद्यार्थी’ असा उल्लेख असावा, म्हणजे देणगीदारांचे मन द्रवेल, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु ती सूचना आम्ही मान्य केली नाही. पट्टीवर विद्यार्थ्याचे नाव, चित्राचे शीर्षक, माध्यम आणि साल एवढेच असावे, असे आम्ही ठरवले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आजही आहे. ज्या हातांनी तेथल्या भिंती रंगवल्या, त्या हातांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. दात्याचे नाव टिकावे आणि करणाऱ्याचे पुसले जावे, हा इतिहास आमच्या भिंतीवर पुन्हा नको होता. संस्थेचे नाव प्रवेशद्वारावर पुरेसे आहे. चित्राशेजारी नाव चित्रकाराचेच हवे.

तिसरा बोध अभिप्रायाच्या वहीने दिला. “या मुलांच्या मानाने छानच” अशा अर्थाचे शेरे त्या वहीत बरेच होते. ‘मानाने’ या एका शब्दात दयाही आहे आणि उतरंडही. याउलट एका अपरिचित चित्रकाराने आमच्या एका विद्यार्थ्याला सरळ सांगितले, “चेहरा साधला आहे, हात साधलेले नाहीत. रोज दहा हात काढ.” तो मुलगा महिनाभर सहाध्यायांचे हात रेखाटत होता. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्याचेच दोष आपण स्पष्ट सांगतो. म्हणून खरी टीका हा आदराचाच एक प्रकार आहे, असे आम्ही समजतो. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, दगा, पिसारो प्रभृती तीस कलावंतांनी आपले पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा लुई लरॉय नावाच्या समीक्षकाने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून त्यांची टर उडवली. तीनच वर्षांनी तेच नाव त्यांनी आपल्या प्रदर्शनाला दिले. लोक नावे ठेवणारच. त्यांतले कोणते स्वीकारायचे आणि कोणते परतवायचे, हे ओळखण्याची ताकद मुलांमध्ये यायला हवी.

चौथा बोध मोलाचा. एका चित्राची किंमत विचारली गेली, तेव्हा ते काढणारी मुलगी संकोचून म्हणाली, “आवडले असेल तर असेच घेऊन जा.” या औदार्याने आम्ही सुखावलो नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावकीची कामे बलुत्यावर करावी लागली आणि कामाचे मोल ठरवण्याचा अधिकार कधीच मिळाला नाही, त्यांच्या नातीने आपल्या श्रमाचा दाम सांगायला शिकणे हा शिक्षणाचाच भाग आहे. कागद, रंग, चौकट आणि लागलेले दिवस यांचा हिशेब तिने आमच्यासोबत मांडला, आणि दुसऱ्या दिवशी आपली किंमत स्वतः सांगितली.

चित्रकलेच्या तासाला अनेक शाळांत ‘ऑफ तास’ समजले जाते. परीक्षा जवळ आली की तो प्रथम गणिताला दिला जातो. आम्ही या प्रथेच्या विरुद्ध आहोत. आपले पाहणे चारचौघांत मांडणे, त्यावरची टीका ऐकणे आणि आपल्या कामाचे मोल सांगणे हे धडे तीन दिवसांच्या त्या प्रदर्शनाने जितके दिले, तितके आमच्या वर्षभराच्या भाषणांनी दिले नसते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. पुढचे प्रदर्शन भरेल तेव्हा सहकुटुंब या. चित्रापुढे थांबा, मुलांना प्रश्न विचारा, दोष दिसला तर मोकळेपणाने सांगा. चित्र आवडले तर योग्य दाम देऊन घरी न्या, भिंतीवर लावा. आणि कोणी विचारले तर चित्रकाराचे नाव पूर्ण सांगा.